हिरवी चौकट

सकाळी ऑफिसात पोचले, पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधीच सवयीने मेल उघडली आणि समोर तो हिरवा रंग आला. कुणा अनोळखी माणसाने आपल्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो होता. कडेला त्याच्या टेबलाची कड, उष्ट्या कपाचा कान, आणि मधोमध काठोकाठ हिरवी चौकट. खाली तीन ओळी होत्या. ‘तुमचा जुना गेम नव्याने आलाय म्हणून कालच घेतला. सुरुवातीच्या व्हिडिओत आवाज नीट येतो, पण चित्राच्या जागी हे दिसतं. माझं काही चुकतंय का?’ मी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिले. हा हिरवा माझ्या ओळखीचा होता. तो पानांचा नव्हता, गवताचा नव्हता, रंगपेटीतल्या कुठल्याच वडीचा नव्हता. बंद पडलेल्या हौदाच्या तळाला असतो तसला, मुका. सतरा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, दीडशे माणसांच्या समोर, तो आमच्या सहा स्क्रीनवर एकदम उगवला होता. आणि तेव्हाही माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने हलक्या आवाजात विचारलं होतं, “माझं काही चुकलं का, वहिनी?”

ती बाई म्हणजे माझी नणंद. घरात तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने बारीक, आणि एकदा काम हातात घेतलं की वाटेत कुणी आडवं आलं तरी वळसा घालून पुन्हा त्याच रेषेवर येणारी. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या कॉम्प्युटरची मागची बाजू उघडून आतली धूळ कापसाने पुसून काढली होती. नवऱ्याला आमच्या कामातलं ओ की ठो कळत नसे. तो जमिनी मोजणारा; त्याचं सगळं जग बांध आणि खुणेच्या दगडांचं. सासूबाई म्हणत, “दिवसभर दोघी मिळून खेळता आणि वर त्याला काम म्हणता.” म्हणत आणि दोघींचा डबा मात्र वेळेवर भरून देत. दोन वर्षांनी आम्ही नणंद-भावजयींनी गेम बनवायला एक खोली भाड्याने घेतली. खाली गाडी चालवायला शिकवणारी शाळा होती. कुणी पत्ता विचारला की मुंगी सांगायची, “खाली ड्रायव्हर तयार करतात, वर आम्ही ड्रायव्हरशी भांडतो.” ऐकणाऱ्याला कळायचं नाही. मग तीच समजावायची, की गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांची भाषा वेगळी असते, आणि दोघांमध्ये जो दुभाषा बसलेला असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाषा शहाणा असेल तर सगळं सुरळीत. तो मनाचं सांगायला लागला, तर इकडचा माणूस तिकडे फुकट शिव्या खातो.

आता मी ज्या कंपनीत काम करते तिथला मॅनेजर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे, आणि वाईट नाही. मी फोटो दाखवला तर म्हणाला, “मॅडम, व्हिडिओ काढून टाकू. एक छानसं चित्र लावू. नाहीतरी सुरुवात कोण बघतं? सगळे स्किप करतात.”

“मी बघते.”

“तुम्ही सोडून,” तो हसत म्हणाला. “शुक्रवारपर्यंत बघा. नाही जमलं तर चित्र.”

त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो पन्नास सेकंदांचा एक तुकडा होता. पाण्याखाली गेलेल्या गावात होडीतून पत्रं वाटत फिरणारी एक बाई; धुकं, मग कौलं, मग होडीची पुढची टोकदार नाळ, मग तिचा हात. चित्रं मी रंगवली होती, एकेक करून, सहा महिने. ती हलती करून त्यांचा व्हिडिओ गेममध्ये बसवण्याचं काम मुंगीचं. आणि त्या बाईचा हात हा मुंगीचाच हात होता. खिडकीपाशी तिला बसवून मी तो काढला होता, मनगटाचं हाड, करंगळीवरचा भाजल्याचा डाग, सगळं. त्या दिवशी ती तासभर हात उचलून बसली. खालून गाडी शिकवणाऱ्याचा आवाज यायचा, क्लच, क्लच, अहो क्लच! आणि ती न हलता हसायची, हसायची तेव्हा फक्त तो हात थरथरायचा. ‘हलू नकोस गं.’ ‘मी नाही हलत, क्लच हलतोय.’ सगळा कागद फुकट गेला आणि मला राग आला नाही. मला तेव्हा कशाचाच राग येत नसे. आता मागे बघताना वाटतं की त्या खोलीत मी जितकी निवांत होते तितकी नंतर कुठेच नव्हते, आणि तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, छे, आत्ता कुठे, अजून तर काहीच झालेलं नाही.

दुपारी मी टेस्टरच्या खोलीत गेले. आमचा टेस्टर जाडजूड, संथ माणूस. त्याच्याकडे नऊ मशिन आहेत आणि प्रत्येकावर त्याने एकेका नातेवाइकाचं नाव चिकटवलंय. मी विचारल्यावर फोटो पाठवणाऱ्याने त्याच्या कार्डाचं नाव कळवलं होतं. टेस्टर म्हणाला, “हे तर आत्याकडे आहे,” आणि खिडकीकडचं मशिन चालू केलं. व्हिडिओ लागला. धुकं, कौलं, नाळ, हात. सगळं नीट. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. “आत्याचा ड्रायव्हर जुना आहे,” टेस्टर म्हणाला, “मागच्या महिन्यात नवा आलाय. टाकू?” त्याने टाकला, मशिन बंद करून पुन्हा चालू केलं. आम्ही दोघं खुर्च्या पुढे ओढून बसलो. पाण्याचा आवाज आला, वल्ह्याचा आला, आणि स्क्रीनवर तो हिरवा उगवला. टेस्टर चुटकी वाजवून म्हणाला, “सापडलं. जुना ड्रायव्हर परत टाकतो.” टाकला. चित्र आलं. पुन्हा नवा टाकला. हिरवं.

“आपला कोड तोच, फाइल तीच, कार्ड तेच,” तो म्हणाला. “मग चूक कुणाची? दुभाष्याची.”

दुभाषा हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता. मी त्याला मुंगीचा शब्द दिला होता आणि कुणाचा ते सांगितलं नव्हतं. मी त्या हिरव्याकडे बघत राहिले. लोकांना वाटतं रिकामं चित्र काळं असतं. काळं नसतं. व्हिडिओचे आकडे ज्या पद्धतीने मांडलेले असतात, त्या पद्धतीत सगळीकडे शून्य ठेवलं तर हिरवा रंग दिसतो. म्हणजे हा रंग कुणी दिलेला नसतो. अजून कुणी काही दिलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. हेही मला मुंगीनेच सांगितलं होतं, त्या खोलीबाहेर, जिन्याच्या पायऱ्यांवर बसून, कागदावर शून्यं काढून दाखवत. मग प्रदर्शनाच्या दिवशी, सहाच्या सहा स्क्रीन हिरव्या झाल्या तेव्हा, मला ते का आठवलं नाही? आठवलं असेल. पण आमचा गेम विकायला घ्यायचा की नाही ते ठरवायला आलेला वितरक समोर उभा होता, भुवया वर करून. त्याच्याबरोबर दोन माणसं, मागे ती सगळी गर्दी, कुणीतरी हसलं, कुणीतरी शिट्टी मारली. मुंगीने विचारलं, माझं काही चुकलं का. माझ्या हातात माइक होता. तो मी बंद केला नव्हता. मी म्हटलं, “हा भाग हिने केलाय. तपासून घे म्हणून मी हिला आधीच सांगितलं होतं.”

तो आवाज मला अजून ऐकू येतो, भिंतीवर आपटून परत आलेला, माझाच. मुंगीने कानावरचे हेडफोन काढले, त्यांची वायर बोटांभोवती नीट गुंडाळली, गाठ मारली, टेबलावर ठेवले आणि माणसांमधून वाट काढत गेली. वितरक नंतर म्हणाला, चालायचंच, माणसांकडून चुका होतात. आमचा करार झाला. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की मुंगीने निष्काळजीपणा केला. सांगता सांगता मला ते पटतही गेलं. आठवड्याभरात तिचा कोड काढून मी बाहेरचा तयार कोड लावला, आणि मुंगी दुसऱ्या गावी निघून गेली. सासूबाई गेल्या तेव्हा तेरा दिवस ती घरात होती; माझ्याशी बोलली ती मीठ, गॅस, पाहुणे एवढ्यापुरतंच. दर रविवारी नवरा तिच्याशी गॅलरीत उभा राहून फोनवर बोलतो. मी खोलीत आले की दार थोडं लोटून घेतो. सतरा वर्षं त्या दाराला मी कधी हात लावला नाही.

बुधवारी मी जुना कोड शोधायला बसले. नवा ड्रायव्हर नेमकं काय करतो ते आतापर्यंत कळलं होतं. कार्ड व्हिडिओतलं एकेक चित्र उलगडतं आणि ते तयार झालं की ड्रायव्हर गेमला सांगतो, झालं, घे. हा नवा ड्रायव्हर चित्र तयार व्हायच्या आधीच ‘झालं’ म्हणत होता. गेम बिचारा विश्वासाने रिकामी चौकट उचलायचा, आणि एकदा ताल चुकला की पुढच्या सगळ्या चौकटी रिकाम्याच हातात यायच्या. हे कळलं, पण त्याला बांध कसा घालायचा ते उमगेना. तेव्हा त्या काळातली एक डिस्क घरून घेऊन आले, की जुन्या फायलींत काही धागा सापडेल. तिच्यात त्या वेळच्या मेलही होत्या. आणि मेलमध्ये ‘नंतर’ नावाचा एक कप्पा. तो मीच केला होता, हे मला पाहिल्याबरोबर आठवलं. प्रदर्शनाच्या संध्याकाळी मी असा नियम लावून ठेवला होता की मुंगीकडून काहीही आलं तर थेट तिथे जावं, माझ्या डोळ्यांसमोर येऊ नये. कप्प्यात दोन मेल होत्या. दोन्ही न उघडलेल्या.

पहिली प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळी अकराची. विषय: ‘वहिनी, हे लाव.’

‘मी आत्ता परत हॉलवर जाऊन आले. तिथल्या माणसाने काल सकाळी आपण यायच्या आधी सगळ्या मशिनवर नवा ड्रायव्हर टाकला होता. जुना परत टाकला की आपलं चित्र येतं, मी त्याच्यासमोर करून पाहिलं. नवा ड्रायव्हर चित्र व्हायच्या आधीच झालं म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. चौकट उचलायच्या आधी तिच्या चार कोपऱ्यांत डोकावून बघ. शून्यंच असतील तर थांब. पाच वेळा थांबूनही रिकामीच असेल तर कार्डाचा नाद सोड आणि प्रोसेसरकडून व्हिडिओ उलगडून घे, जरा संथ होईल पण दिसेल. कोड जोडलाय. सोपा आहे, चाळीस ओळी.’

दुसरी त्यानंतर पाच दिवसांनी. ‘लावलंस का? माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण लाव. लोकांना हात दिसला पाहिजे.’

मी खुर्चीतून उठले आणि पाण्याची बाटली भरायला गेले. ती भरलेलीच होती. नळाखाली धरली, पाणी मनगटावरून वाहिलं, मी परत आले. एखाद्या वस्तूचं वजन आपण पिशवीसकट धरलेलं असतं. वर्षानुवर्षं खांदा दुखतो आणि वाटतं पिशवीच जड; आत काय आहे ते उघडून बघत नाही. मला आतापर्यंत वाटत होतं की मुंगीकडून एक चूक झाली आणि मी जरा जास्तच बोलले. ‘जरा जास्त’ एवढ्याचाच हिशेब मी मनाशी घालत आले होते, आणि तोही अधूनमधून, डोळ्याला डोळा लागायच्या आधी. तपासून घे असं मी तिला कधी म्हटलंच नव्हतं, ही गोष्ट त्या हिशेबात नव्हतीच. ती मी इतकी खोल ढकलली होती की माझी मलाच ती खरी वाटायला लागली होती. मला तर तसं म्हटल्याचा प्रसंगही आठवत असे, खोली, खिडकी, वेळ. आता बसून नीट आठवायला गेले तर त्या प्रसंगात मुंगीचा चेहराच नव्हता. नुसतीच खिडकी.

तिच्या चाळीस ओळी मी नव्या गेममध्ये बसवल्या. भाषा जुनी होती, काही शब्द बदलावे लागले, पण विचार जसाच्या तसा बसला. टेस्टरने आत्यावर लावून पाहिलं. पाण्याचा आवाज, एक क्षणभर काहीच नाही, आणि मग धुकं. त्याने मावशीवर पाहिलं, थोरल्या काकांवर पाहिलं. सगळीकडे धुकं, कौलं, नाळ, आणि हात. करंगळीवरचा डाग मोठ्या स्क्रीनवर स्पष्ट दिसत होता. “कुणी लिहिलंय हे?” टेस्टरने विचारलं. “डोकेबाज माणूस आहे.” मी म्हटलं, “माझी नणंद.” मग गेमच्या शेवटी जी नावांची पाटी येते ती उघडून, माझ्या नावाच्या वर तिचं नाव लिहिलं. ते तिथे कधीच नव्हतं. अनोळखी माणसाला दुरुस्त केलेला गेम पाठवला आणि मेल लिहायला घेतली, ‘तुमचं काही चुकत नव्हतं,’ आणि त्या चार शब्दांपुढे बोटं थांबून राहिली. इतकं सोपं होतं ते लिहायला. त्याचं तासाभरात उत्तर आलं: ‘दिसलं! सुंदर आहे. तो हात कुणाचा?’

संध्याकाळी नवरा ओट्यापाशी उभा राहून चहा गाळत होता. मी विचारलं, “त्या दिवशी चूक ड्रायव्हरची होती. तुला माहीत होतं?”

त्याने गाळणं उचलून बाजूला ठेवलं. “तिने सांगितलं होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“मला त्यातलं काय कळतं? ती सांगायची तेव्हा तिचं खरं वाटायचं. तू सांगायचीस तेव्हा तुझं.” चहा कपात ओतत तो म्हणाला, “दोघींना हो म्हणत राहिलो. दोन शेजाऱ्यांची जमीन मोजताना मी असं कधी केलं नसतं.” मग कप माझ्याकडे सरकवत, माझ्याकडे न बघता, “शनिवारी सकाळी ती तलावावर असते. साडेनऊची बस आहे.”

मुंगी आता पोहायला शिकवते, एवढं मला माहीत होतं. कुणाला, ते नव्हतं. तरणतलावाचं दार ढकललं तर क्लोरिनचा वास आणि ओल्या फरशीची ऊब एकदम अंगावर आली, आणि छताखाली घुमणारे बायकांचे आवाज. साठीच्या पुढच्या आठ-दहा जणी, डोक्याला रबरी टोप्या, कठड्याला घट्ट धरून उभ्या. मधोमध कमरेइतक्या पाण्यात मुंगी. केस पांढरे झालेले, खांदे मात्र आता रुंद. एका आजींना तिने पाठीवर आडवं धरलं होतं. “पाणी धरू नका आजी. ते धरता येत नाही. सोडा. मी आहे खाली.” आजी डोळे मिटून ओरडत होत्या, “सोडू नकोस हं मला, सोडू नकोस!” आणि मुंगीने हात केव्हाच काढून घेतला होता. मग तिने मान वळवली आणि मला पाहिलं. हसली नाही, दचकलीही नाही. बोटाने पायऱ्यांकडे दाखवलं, म्हणजे बस. मी चाळीस मिनिटं बसले. चपला काढून हातात धरल्या होत्या, त्या खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

शेवटी “कठडा धरा आणि दहा मिनिटं पाय मारा,” असं सगळ्यांना सांगून ती वर आली. टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या खालच्या पायरीवर बसली. पाणी तिच्या कोपरावरून टपटपत होतं.

“कशाला आलात?” तिने विचारलं. मला तिने आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

“तुझी मेल वाचली.”

“कुठली?”

“वहिनी, हे लाव.”

तिने कोपरावरचं पाणी हाताने निपटलं. “मग? लावलंत का?”

“लावलं. सगळ्या मशिनवर चालतंय. चूक तुझी नव्हती, मुंगी.”

“ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही आज सांगितलंत म्हणून माझ्यासाठी काही नवं झालं नाही.” तिने टॉवेलने कान पुसला, सावकाश, आधी एक, मग दुसरा. “समजा असती. समजा माझीच चूक असती. मग तुम्ही बोललात ते ठीक होतं का?”

बसमध्ये जे जे जुळवत आले होते, ड्रायव्हर, मेल, तो कप्पा, ते सगळं मुठीतून निसटलं. मी एवढंच म्हटलं, “नाही.”

“मला ड्रायव्हरचं काही वाटत नव्हतं. लोक हसले त्याचंही नाही. हसू देत. मला वाटलं होतं आपण दोघी हसू नंतर, खोलीवर जाऊन.” तिचा आवाज चढत गेला. “पण आधीच सांगितलं होतं म्हणालीस ना तू? माइकवर? कधी सांगितलं होतंस? मी रात्ररात्र आठवत बसायचे, सांगितलं असेल हिने, मीच विसरले असेन. कधी सांगितलंस, सांग ना आता!”

“नव्हतं सांगितलं.”

“काय?”

“नव्हतं सांगितलं,” मी म्हटलं.

“ऐकू येत नाही. इथे आवाज घुमतो. मोठ्याने बोल.”

“नव्हतं सांगितलं!” मी उभी राहून ओरडले. “मी खोटं बोलले! मी हिला काहीच सांगितलं नव्हतं!”

ते छतापर्यंत गेलं आणि चारी भिंतींवरून परत आलं. हातातल्या चपला फरशीवर पडल्या. पाण्यातले सगळे पाय थांबले आणि रबरी टोप्या एकेक करून आमच्याकडे वळल्या. मघाच्या आजी कठडा एका हाताने धरून, दुसऱ्याने डोळ्यांवरचं पाणी निपटत म्हणाल्या, “काय झालं गं? कोण आहे ती?”

मुंगीने टॉवेल तोंडावर धरला होता. तिचे खांदे हलत होते. रडते की हसते ते मला वरून कळेना. मग तिने टॉवेल खाली घेतला, तोंड पुसलं आणि त्यांना ओरडून सांगितलं, “काही नाही आजी. वहिनी आहे माझी. तुम्ही पाय मारा.”